एकेचाळीस खटके

सांगायला मिनिटभर पुरलं असतं. धाकटी शनिवारी दुपारच्या गाडीनं घरी आली ती तेच एक मिनिट सोबत घेऊन, आणि रविवारचे दहा वाजत आले तरी ते तिच्यापाशी तसंच पडून होतं, जिभेखाली धरलेल्या खड्यासारखं. ना गिळता येत होतं, ना थुंकता.

शहरात ती एका विनोदी मालिकेसाठी लिहीत असे. मालिका एका लहानशा गावाची. एक चौक, चौकातली दुकानं, एकमेकांच्या उठाठेवींवर जगणारी माणसं आणि दर आठवड्याला एक घोटाळा, जो बाविसाव्या मिनिटाला सुटतो आणि ज्याचा ओरखडा पुढच्या आठवड्यात कुणाच्याही अंगावर उरत नाही. इतके दिवस ती दुसऱ्यांच्या भागांना संवाद पुरवत होती. आज साडेदहाला लागणारा भाग तिचा एकटीचा होता, पहिलाच. दिग्दर्शक म्हणाला होता, "तू लहान गावातली ना? मग तिथलं काहीतरी खरं काढ. बनवलेलं लगेच कळतं." तिनं आत हात घालून पाहिला तर खरं म्हणावं असं एकच हाताला लागलं, आणि ते तिचं नव्हतं.

ते बाबांचं होतं. बाबा गावातले फोटोग्राफर. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी कंपाउंडरच्या लग्नाचे फोटो काढले. दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधणारा हा माणूस बाबांचा शाळेपासूनचा दोस्त. त्या दिवशी घाईत फिल्मचं टोक कॅमेऱ्यातल्या चक्रीच्या खाचेत नीट अडकलं नाही. अशा वेळी कॅमेरा काहीच सांगत नाही. खटका वाजतो, वरचा आकडा इमानानं पुढे सरकतो, आत फिल्म मात्र जागची हलत नाही. छत्तीस फोटोंचा रोल. आकडा सदतीसवर गेला, अडतीसवर गेला, तेव्हा बाबांच्या लक्षात आलं.

आणि खरी गोष्ट इथून पुढची होती. रोल कोरा होता, पण शाबूत होता. कॅमेरा उघडून टोक अडकवायचं आणि म्हणायचं, "मंडळी, माझी चूक झाली. पुन्हा एकदा उभे राहा." लोक हसले असते, कुणीतरी टपली मारली असती, आणि सगळे पुन्हा उभे राहिले असते. बाबांना ते वाक्य उच्चारण्याची लाज वाटली. त्यांनी आणखी तीन खटके मारले, एकेचाळीसपर्यंत, हसऱ्या चेहऱ्यानं, "मान जरा डावीकडे" असं सांगत. मग घरी येऊन कोरा रोल आईसमोर ठेवला आणि गावाला सांगितलं की शहरातल्या लॅबवाल्यानं रोल खराब केला.

कंपाउंडरची बायको अकरा वर्षांनी गेली. तिचा एकच फोटो मागे राहिला, ओळखपत्रासाठी काढलेला, बोटाच्या पेराएवढा.

हे तिघांनाच ठाऊक होतं. बाबांना, आईला आणि एका दुपारी आईच्या तोंडून ते निसटलं म्हणून धाकटीला.

"त्यात आपल्यातलं काही नाही ना गं घातलंस?" सकाळी आईनं विचारलं होतं. ती बाबांच्या शर्टाला इस्त्री करत होती. आणि हा प्रश्न तिनं कॉलरवर इस्त्री दाबता दाबता, वर न बघता विचारला.

"आपल्यातलं म्हणजे?"

"म्हणजे आपल्यातलं. मला काय विचारतेस? लेखिका तू."

"काही नाही गं. चल ना तूही सलूनमध्ये बघायला."

"मी नाही यायची. चार लोकांत बसून हसायला मला जमत नाही. तुझे बाबा जातायत तेवढं पुरे. पंधरा दिवस झाले, भेटेल त्याला सांगत सुटलेत. दूधवाल्याला तर दोनदा सांगितलं. तो बिचारा दोन्ही वेळा नवल करून गेला."

धाकटी तिथून उठून चौकात, स्टुडिओवर गेली. आता सांगायचंच, असं पायरीपायरीला स्वतःला बजावत गेली. बाबा दर्शनी काच पुसत होते. काचेमागे गावातली माणसं आपापल्या उत्तम क्षणी थांबून राहिलेली होती: बक्षीस घेणारी मुलगी, निवृत्त होणारा पोस्टमास्तर, न रडणारं एक बाळ. बाबा तोंडाची वाफ काचेवर सोडत, फडकं फिरवत आणि एका डोळ्यानं तिरपं बघत, जणू काचेलाही नीट बसवून तिचा फोटो काढायचा होता.

"बाबा, एक सांगायचं होतं."

"आधी हे सांग, तुझं नाव सुरुवातीला येतं की शेवटी?"

"सुरुवातीला. पण बाबा—"

"किती वेळ राहतं पडद्यावर?"

"दोन सेकंद असेल."

"दोन सेकंद पुष्कळ झाले," ते म्हणाले. "मला सेकंदाच्या साठाव्या भागात माणूस पकडायची सवय. दोन सेकंदात मी तुझं नाव तीनदा वाचीन." आणि ते हसले. त्या हसण्यात इतका उजेड होता की धाकटीला आपलं तोंड उघडणं म्हणजे अंधारखोलीचं दार भलत्या वेळी उघडणं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, तिनं मनाला समजावलं. त्यांना कदाचित ओळखू येणार नाही. मालिकेतला फोटोग्राफर जाडा आहे, मिशाळ आहे, तोतरा आहे. इतकं सगळं मी बदललं आहे. मनाला काहीही समजावता येतं. तो मोठा आज्ञाधारक श्रोता असतो.

सलूनवाल्यानं दुकानाचा थाट केला होता. टीव्ही मधल्या फळीवर, तेलाच्या बाटल्या बाजूला सारून ठेवलेला. दोन्ही भिंतींना समोरासमोर आरसे असल्यामुळे तो एक टीव्ही आरशाआरशांतून आत आत जात राहिला होता, शेवटी नखाएवढा होईपर्यंत. बाकावर दहाबारा माणसं दाटीवाटीनं बसली होती. खुर्चीत कंपाउंडर, गळ्याशी पांढरं कापड बांधून.

"या लेखिकाबाई!" सलूनवाला वस्तरा उंचावून म्हणाला. "आज तुमच्यामुळे धंदा बंद. फक्त या एका गिऱ्हाइकाची दाढी घेतली आहे, ती पण जाहिरातींत उरकायची अट घालून."

"अरे, निम्मी झाल्यावर जाहिरात संपली तर?" बाकावरून शिंप्यानं विचारलं.

"तर निम्मी पुढच्या भागात."

कंपाउंडर काका आरशातूनच धाकटीकडे बघून हसले. "ये गं पोरी. लहान होतीस तेव्हा माझ्याकडून औषधाच्या रिकाम्या बाटल्या न्यायचीस, आठवतं का? मोठी झालीस. आमच्या या छायाचित्रकाराला गेल्या आठवड्यापासून झोप नाही."

"झोप आहे, पण कडेकडेनं आहे," बाबा म्हणाले आणि दोस्ताच्या खुर्चीशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले. दोघं आरशात शेजारी शेजारी दिसत होते, एकाच चौकटीत.

नाव आलं. बाबांनी ते खरंच ओठ हलवून तीनदा वाचलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. धाकटी दाराजवळ उभी राहिली, तिला बसवेना.

पहिली आठ मिनिटं सगळं गाव खदखदून हसलं. पडद्यावरचा जाडा फोटोग्राफर लग्नघरात शिरला, अडखळला, नवऱ्यामुलाच्या काकांना नवरामुलगा समजून त्यांनाच मधोमध उभं करू लागला. टीव्हीतलं हसू टेपवरचं होतं, मोजून कापलेलं. सलूनमधलं हसू खरं होतं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून आरशांवरून परत येत होतं. बाबा सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. "अरे, हा तर मीच!" ते म्हणाले, आणि कौतुकानं मागे वळून त्यांनी लेकीकडे पाहिलं. "चालायची ढब घेतलीय माझी. बघा, बघा!"

धाकटीनं मान हलवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिच्या मनात भर दुपार होती आणि उभं राहायला सावलीचा तुकडा नव्हता.

मग तो प्रसंग आला. फोटोग्राफरनं कॅमेऱ्याचा आकडा पाहिला. सदतीस. डोळे चोळून पुन्हा पाहिला. अडतीस. टेपवरचं हसू फुटलं. त्यानं कॅमेरा कानाशी धरून हलवला, त्याला चापट मारली, आणि मग घाम पुसत, दात दाखवत तो पुढचे खटके मारत सुटला. सलूनमध्ये हास्याचा लोट उठला. शिंपी मांडीवर थापा मारत होता.

त्या हास्यातून एक आवाज कमी झाला होता. इतरांना ते कळलं नाही. धाकटीला कळलं. तिनं आरशात पाहिलं. बाबांच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं, पण ते आता कुणी राहत नसलेल्या घराच्या पाटीसारखं नुसतं लावलेलं होतं. ते टीव्हीकडे बघत नव्हते. स्वतःच्या हातांकडे बघत होते.

जाहिराती लागल्या. सलूनवाला लगबगीनं उठला, कंपाउंडरच्या गालांना त्यानं साबण फासला आणि उजवी बाजू उतरवायला घेतली. "काय डोकं आहे पोरीचं," तो म्हणत होता. "फिल्म पुढे सरकतच नाही आणि हा गडी फोटो काढतोय! असं होतं का हो खरंच?" प्रश्न बाबांना होता.

"होतं कधी कधी," बाबा म्हणाले. "नवशिक्याचं."

"तुमचं झालंय का कधी?"

बाबा उत्तर देणार तोच भाग पुन्हा सुरू झाला आणि सलूनवाल्यानं वस्तरा तिथेच थांबवला. उजवा गाल स्वच्छ, डावा पांढरा.

आता पडद्यावर नवरानवरी होती. नवरीच्या सँडलचा पट्टा तुटलेला. ती एका पायावर डगमगतेय, आणि फोटोग्राफर तिला सुचवतो की डावा पाय सरळ नवऱ्याच्या बुटावर ठेव, साडीच्या घोळात कुणाला दिसणार नाही. नवरी ठेवते. नवरा कळवळतो. "हसा!" फोटोग्राफर ओरडतो. टेपवरचं हसू कोसळलं.

हा तपशील आईनं सांगितला होता, आईला बाबांनी. धाकटीनं तो लिहिताना एकदाही थांबून विचार केला नव्हता की तो आणखी कुणाचा असेल. ती त्या ओळीवर खूष झाली होती. तिनं तिच्याखाली दोनदा रेघ ओढली होती.

"थांबव," कंपाउंडर म्हणाले.

"अहो, वस्तरा थांबलेलाच आहे."

"टीव्ही थांबव रे."

सलूनवाल्यानं आवाज बंद केला. चित्रं मुकी होऊन हलत राहिली, या आरशातून त्या आरशात. कंपाउंडर पुढे वाकले होते. डाव्या गालावरचा साबण ओघळून कापडावर पडला.

"तिच्या सँडलचा पट्टा तुटला होता," ते म्हणाले. "सगळा वेळ तिचा पाय माझ्या बुटावर होता. हे तिला माहीत होतं. मला माहीत होतं. आणि जो समोर उभा होता त्याला."

बाकावरचं हसू एकेक करून विझलं. गावाला गणितं फार लवकर सुटतात. शिंप्यानं आधी बाबांकडे, मग जमिनीकडे पाहिलं.

कंपाउंडर खुर्चीसकट वळले, बाबांकडे नाही, धाकटीकडे. "पोरी, हे तुला कुठून सुचलं?"

इतकी सगळी तोंडं, आणि त्यांच्या पाठी आरशांतली तीच तोंडं, तिच्याकडे वळली. ती म्हणाली, "कल्पना आहे, काका. नुसती कल्पना. अशा गोष्टी ऐकीव असतात, कुठून कुठून जमवतो आम्ही. तुमचा रोल तर लॅबमध्ये खराब झाला होता ना?"

शेवटचं वाक्य बोलण्याची काही गरज नव्हती. ते आपसूक आलं, अगदी सहज, आणि तिला जाणवलं की हे वाक्य आपल्याला येतं आहे, लहानपणापासून येतं आहे, जशी घरातली भाषा येते.

बाबांनीही ते ऐकलं. आरशात तिनं पाहिलं, ते दचकले. सव्वीस वर्षं आपल्या तोंडात असलेली गोष्ट त्यांना लेकीच्या आवाजात ऐकू आली होती. ते उठून उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस. फोटोला उभं राहावं तसे.

"लॅबमध्ये गेलाच नाही रोल," ते म्हणाले. "तिला खोटं बोलायला लावू नकोस. माझंच आहे ते. फिल्म अडकलीच नव्हती. मला तिथंच कळलं होतं."

"तिथंच?"

"हॉलमध्येच. तुम्ही दोघं उभे होतात. मला नुसतं पुन्हा उभे राहा म्हणायचं होतं."

"मग म्हणाला का नाहीस?"

"लाज वाटली," बाबा म्हणाले. गावातल्या बारा माणसांसमोर तो शब्द इतका लहान निघाला की कुणाला ऐकू आला की नाही कळेना.

"लाज," कंपाउंडर म्हणाले. "मी त्या लॅबवाल्याची कॉलर धरली होती. त्याच्या दुकानात, त्याच्या बायकोसमोर. तो शपथा घेत होता की असा रोल आलाच नाही. तू माझ्याशेजारी उभा होतास, गाढवा. तू मला म्हणालास, जाऊ दे, सोड त्याला. मला वाटलं, काय मोठ्या मनाचा आहे माझा मित्र."

धाकटीला हे ठाऊक नव्हतं. आईलाही नसावं. तिच्या भागातही लॅबवाल्याला धरून बदडलं होतं, पण ते तिनं रचलेलं होतं; आठव्या मिनिटानंतर जरा मारामारी हवी म्हणून. पडद्यावर त्याच क्षणी तो मुका प्रसंग चालू होता. एक माणूस टेबलाखाली लपत होता, दुसरा त्याचा पाय ओढत होता. सलूनवाल्यानं पुढे होऊन टीव्हीच बंद केला. आरसे एकदम रिकामे झाले.

कंपाउंडरनी कापडाच्या टोकानं गालाचा साबण पुसला. निम्मी दाढी तशीच राहिली. त्यांचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं.

"माझ्याकडे तिचा तो ओळखपत्राचा फोटो आहे. त्यात ती घाबरलेली दिसते. ती घाबरट नव्हती. पण बघून बघून मला आता तशीच आठवते." ते बाबांकडे बघत राहिले. "तू बघत होतास ना त्या भिंगातून? खटके मारलेस ना?"

"एकेचाळीस."

"मग बस. काय काय दिसलं ते सांग मला. पहिल्यापासून. एकही गाळू नकोस, आणि एकही घालू नकोस."

बाबा बसले. सलूनवाल्यानं सगळ्यांना हातानंच खूण केली. माणसं खाकरत, चपला शोधत, एकमेकांना धक्के न लागू देता उठली. धाकटी दाराशी होती तिथेच राहिली. तिला वाटलं, आपण राहावं. आपण मुलगी. आणि त्या वाटण्याच्या तळाशी, स्वतःलाही न दिसावं अशा बेतानं, दुसरं काहीतरी कान टवकारून बसलं होतं: बाबा कसे सुरुवात करतील, पहिलं वाक्य काय असेल.

कंपाउंडरनी मान वळवली. त्यांनी तिच्याकडे रागानं पाहिलं नाही. एखादं औषध मुलांच्या हाती लागू नये म्हणून वरच्या फळीवर ठेवताना बघावं तसं पाहिलं.

"हिला पण बाहेर पाठव," ते बाबांना म्हणाले. "ही लिहील."

"नाही लिहिणार, काका. शपथ."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं ते म्हणतील, राहू दे रे, पोर आहे. ते म्हणाले, "जा, बाळा. दार ओढून घे."

तिनं दार ओढून घेतलं. काचेला आतून दुधी रंग दिलेला होता. त्यातून दोन आकृत्या दिसत होत्या, जवळजवळ बसलेल्या, आणि त्यातल्या एकीचा हात हवेत उठून कुणाला तरी थोडं डावीकडे सरकायला सांगत होता. आवाज येत नव्हता. ती ऐकू यावा म्हणून काचेशी वाकली नाही. वाकावंसं वाटलं, हे तिला पक्कं कळलं, आणि तिनं ते स्वतःपासून लपवलं नाही.

चौकात ऊन होतं. माणसं पांगली नव्हती. दुकानांच्या पायऱ्यांवर घुटमळत होती. तिला पाहून ती बोलायची थांबली. शिंपी दोन पावलं पुढे आला, त्यानं गळ्यातली टेप उगाच काढली, पुन्हा घातली.

"भाग झकास झाला हो," तो म्हणाला. "म्हणजे, पहिला अर्धा."

धाकटीनं हात जोडले. मग ती घराच्या रस्त्याला लागली, कारण आई वाट बघत असणार, आणि आईलाही आता कुणीतरी सांगायला हवं होतं.